तीन सारखे सुस्कारे

आमच्या कचेरीत होणाऱ्या सगळ्या सभांची इतिवृत्तं मी लिहितो. सभेत कोण काय बरळलं ते निमूट ऐकायचं आणि नंतर 'यावर साधकबाधक चर्चा होऊन पुढीलप्रमाणे ठरले' असं सभ्य भाषेत उतरवून काढायचं, हे माझं काम. हे काम वर्षानुवर्षं केलं की माणसाच्या प्रकृतीवर परिणाम होतो. कुणाला पाठदुखी होते, कुणाला चष्मा लागतो. माझं स्वतःचं मत नाहीसं झालं. घरात फ्रिज आला तो शेजाऱ्यांच्या मताने, पडदे आले मेव्हणीच्या मताने, आणि बायकोचं म्हणणं असं, की लग्नालासुद्धा मी 'आई म्हणाली' म्हणूनच होकार दिला. आई बरोबरच म्हणाली होती, असं मी दरवेळी सांगतो, आणि दरवेळी प्रकरण जास्तच चिघळतं.

अशा माणसाने जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यायचं मनात आणावं, ही मुळात दातदुखीची करामत. दाढेच्या कामासाठी मी दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आडवा पडलो होतो. तोंड उघडं, तोंडात कापूस, आणि मान वळवायची मनाई. समोरच्या खिडकीतून तेवढी एकच वस्तू दिसत होती. लाल रंगाची, जमिनीला चिकटून बसलेली, दोन दारांची आणि दोनच खुर्च्यांची गाडी. काचेला आतून चिठ्ठी लावलेली होती: 'विकणे आहे. इंजिन नुकतेच नव्याने बांधले आहे.' मला ती गाडी आवडली. कुणाला विचारायच्या आधीच आवडली, आणि हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. दाढेत सुई घुसली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते नेमकं कशामुळे, हे मी आजही सांगू शकणार नाही.

गाडी डॉक्टरांचीच होती. घरी येऊन मी विषय काढला. बायको भडकेल म्हणून तीन-चार बचाव तयार ठेवले होते, ते सगळे वाया गेले. ती शांतपणे म्हणाली, "घ्या की. आयुष्यात एकदा तरी काहीतरी घ्यावंसं वाटलं तुम्हाला. पण एक अट आहे. इंजिन चांगलं आहे की नाही, हे तुम्ही स्वतः बघायचं आणि स्वतःच्या तोंडाने मला सांगायचं. उद्या गाडी रस्त्यात बसली, तर 'ते म्हणाले होते' हे मला ऐकायचं नाही."

"आणि चांगलं नसलं तर?"

"तर घ्यायची नाही. तेही तुम्हीच सांगायचं."

वरकरणी अट साधी होती. प्रत्यक्षात माशाला सायकल शिकायला सांगण्यातला प्रकार होता.

मी अभ्यासाला लागलो. तेव्हा समजलं, की हे इंजिन चारचौघांसारखं नाही. त्याला रोटरी इंजिन म्हणतात. बाकीच्या इंजिनांत सिलिंडर असतो, त्यात दट्ट्या वरखाली होतो. इथे एका लंबगोल डब्यात एक फुगीर त्रिकोण गरागरा फिरतो; असे डबे दोन, एकामागे एक. त्रिकोणाच्या प्रत्येक टोकाला एक पट्टी असते, ती डब्याच्या भिंतीला घासत जाते आणि आतली हवा कोंडून धरते. पट्टी झिजली की हवा निसटते, हवा निसटली की इंजिनाचा दम संपतो. म्हणून इंजिन नव्याने बांधलंय म्हणजे नक्की काय केलंय, पट्ट्या नव्या घातल्यात की नुसता रंग मारलाय, हा खरा प्रश्न. तो सोडवण्याचा मार्गही सापडला. प्लग काढायचा, स्टार्टर फिरवायचा आणि कान द्यायचा. त्रिकोणाची प्रत्येक बाजू समोरून गेली की प्लगच्या भोकातून एक सुस्कारा येतो. फुस्स, फुस्स, फुस्स. तिन्ही सारखे आले तर इंजिन धडधाकट. एखादा दबका आला तर त्या पट्टीचं काही खरं नाही. शिवाय गार इंजिन कसं चालू होतं ते बघायचं, मग ते चांगलं तापवून, बंद करून पुन्हा लगेच चालू होतं का ते बघायचं, कारण दुबळं इंजिन तापलं की रुसतं. हे सगळं मी इतिवृत्तासारखं मुद्देसूद पाठ केलं. त्यात आणखी एक बारीक सूचना होती, की हे इंजिन गार असताना चालू करून लगेच बंद करू नये. ती मी वाचली आणि पुढे गेलो. असा मूर्खपणा कोण कशाला करेल, असं मला वाटलं.

आमच्या शेजाऱ्यांना आम्ही घरात 'सर्वज्ञ' म्हणतो. त्यांना बातमी लागायला वेळ लागला नाही.

"इंजिन बघायचं ते धूर बघून," ते दारातूनच म्हणाले. "निळा धूर म्हणजे तेल, काळा म्हणजे पेट्रोल, पांढरा म्हणजे पाणी."

"आणि धूर नसेल तर?"

"तर मालक लपवतोय." ते जरा पुढे झुकले. "मी येतो बरोबर. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून दाब मोजायचं गेज आणतो. काटा वर गेला की डोळे मिटून घ्या."

मी वाचलं होतं, की साध्या गेजने हे इंजिन मोजलं तर तीन बाजूंपैकी जी सगळ्यात जोरदार, तिचाच आकडा दिसतो. तीन भावांत एकच कमावता असला तरी बाहेरून घर खातंपितं दिसतं, तसा हा प्रकार. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. पण ते म्हणाले "मी येतो", आणि असे ठरले.

गाडी नावावर होईल की नाही याची आधीच चौकशी केलेली बरी, हेही त्यांचंच मत. म्हणून मी वाहन कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी कागद पुढे ओढला.

"सिलिंडर किती?"

"एकही नाही."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गाडीला इंजिन आहे ना?"

"आहे ना. पण त्यात सिलिंडर नसतो. त्रिकोण असतात. दोन."

"त्रिकोणाचा रकाना नाही आमच्याकडे. आणि शून्य टाकलं तर कॉम्प्युटर तिला हातगाडी समजतो." त्यांनी शेजारच्या टेबलाला विचारलं, त्या टेबलाने आतल्या खोलीला विचारलं आणि आतली खोली जेवायला गेली होती. शेवटी ठरलं ते असं, की वाहनाला सिलिंडर का नाहीत याची कारणं देणारा अर्ज मी करावा, आणि त्यासोबत सिलिंडर खरोखरच नसल्याबद्दल सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा. सक्षम अधिकारी कोण, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, तेही अर्जात विचारा. इतका सुंदर निर्णय माझ्या इतिवृत्तांतसुद्धा कधी आला नव्हता. मी त्यांचे आभार मानून निघालो.

गाडी बघायची पहिली खेप फुकट गेली. मी बॉनेटवर हात ठेवला, तर ते तापलेलं. पोराच्या कपाळाला हात लावावा आणि ताप निघावा, तसं काळजात चर्र झालं. "तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणली," डॉक्टर कौतुकाने म्हणाले. मी म्हटलं, "नाही. मला गार पाहिजे." हे वाक्य माझ्या तोंडून इतकं ठामपणे निघालं, की डॉक्टरांनी मला बर्फाचं पाणी आणून दिलं.

दुसऱ्या खेपेला आमची वरात निघाली. मी, बायको, गेज आणि पाना घेऊन सर्वज्ञ, आणि सासरेबुवा. सासरे आमच्याकडेच राहतात. ते वीज कंपनीतून निवृत्त झाले आणि तेव्हापासून त्यांनी बटणं बंद करण्याचं व्रत घेतलेलं आहे. आपण खोलीत वाचत बसलेलो असतानाही ते जाता जाता दिवा मालवतात. टीव्हीवरच्या माणसाचं वाक्य त्यांनी कधी पुरं होऊ दिलेलं नाही. तरी त्यांना नेणं भाग होतं. गाडी दोन खुर्च्यांची आहे हे कळल्यापासून "मग मी कुठे बसायचं?" एवढा एकच प्रश्न ते विचारत होते, आणि निदान एकदा बसू द्यावं असं बायकोला वाटत होतं.

या वेळी बॉनेट गार होतं. मी स्टीअरिंगमागे बसलो. बसलो म्हणजे आत पडलो. गाडी इतकी बुटकी होती. शेजारी सासरे पडले. मी किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात चालू झालं. आवाज घोगरा, पण गोड; जरा लयीत थबकणारा. माझ्या अंगावर काटा आला. ही गाडी माझी आहे, असं मला अगदी आतून वाटलं.

तेवढ्यात सासऱ्यांनी हात लांब केला, किल्ली मागे फिरवली आणि काढून खिशात घातली.

"झालं ना चालू?" ते समाधानाने म्हणाले. "बघितलंत ना, जावईबापू? मग आता उगाच पेट्रोल कशाला जाळायचं?"

मी किल्ली परत घेतली आणि फिरवली. घर्र घर्र घर्र. पुन्हा फिरवली. घर्र घर्र. इंजिन नुसतं फिरत होतं, पेटत नव्हतं. डॉक्टर पुढे झाले, त्यांनी स्वतः फिरवून पाहिलं. घर्र. त्यांचा चेहरा पांढरा पडला. दवाखान्याच्या खिडकीत सुजलेल्या गालांचे रुग्ण गोळा झाले होते. सर्वज्ञांनी वाकून कान दिला आणि मयताच्या घरी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "गेलं."

"असं कसं? आत्ता तर चालू झालं," बायको म्हणाली.

"शेवटचा श्वास होता तो, वहिनी."

सासरे हळूच गाडीतून उठले, म्हणजे त्यांना ओढून काढावं लागलं, आणि दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसले. "मी फक्त बंद केलं हो," ते कुणाशी तरी म्हणाले. कुणीच ऐकलं नाही. मी ऐकलं.

आणि मला ती बारीक सूचना आठवली.

मी सर्वज्ञांकडे पाना मागितला. त्यांनी गेज पुढे केलं. मी म्हटलं, "गेज नको, पाना." ते बघतच राहिले. चाक वळवून त्याच्यामागे हात घातला की प्लग लागतो, असं मी वाचलं होतं. वाचायला सोपं होतं. कचेरीची पँट घालून मी रस्त्यावर आडवा झालो, कोपरापर्यंत हात गाडीत गेला आणि तिथेच अडकला. खिडकीतल्या एका गालाने मोठ्याने विचारलं, "यांचा नंबर आमच्या आधी कसा काय लागला?" मानमरातब म्हणतात तो माझ्याजवळ तसाही फारसा नव्हता, जो होता तो मी त्या चाकाखाली ठेवला. काही दिसत नव्हतं, तेव्हा डॉक्टरांनी आतून त्यांचा लांब दांड्याचा छोटा आरसा आणि दिवा आणला, आणि सवयीने म्हणाले, "हं, दुखलं तर सांगा."

प्लग निघाला. ओलाचिंब, आणि पेट्रोलचा वास. बायकोला मी गाडीत बसवलं आणि सांगितलं, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धर आणि स्टार्टर फिरव. कान भोकाशी नेला. आधी कानात पेट्रोलचा फवारा बसला. मग हवा. फुस्स, फुस्स, फुस्स. जरा दमलेले, पण तिन्ही सारखे. मागच्या त्रिकोणाचा प्लग काढून तसंच ऐकलं. फुस्स, फुस्स, फुस्स. पुन्हा ऐकलं, कारण माझा माझ्यावर विश्वास नव्हता. तिन्ही सारखेच. मरण वगैरे काही नव्हतं. गार इंजिन लगेच बंद केल्याने आत पेट्रोल साचलं होतं आणि त्याने पट्ट्यांवरचं तेल धुऊन काढलं होतं, एवढंच. इंजिन ठणठणीत होतं.

मी उठून उभा राहिलो. डॉक्टर रडकुंडीला आले होते. "घेऊन जा हो ही," ते म्हणाले. "मला आता दारात नको. जे काय द्यायचं ते द्या. भंगाराच्या भावाने द्या."

सर्वज्ञ माझ्या कानाशी आले, त्याच पेट्रोल गेलेल्या कानाशी. "आता तोंड उघडू नका. गप्प बसा. फुकटात पडतेय."

आणि नेमकं त्याच वेळी बायको गाडीतून बाहेर आली. "अहो, मग काय? इंजिन चांगलं आहे की नाही?"

आता माझी अवस्था बघा. चांगलं आहे म्हणावं, तर डॉक्टर ऐकणार आणि भंगाराचा भाव जाणार. खराब आहे म्हणावं, तर बायको ऐकणार आणि गाडी जाणार. दोघं माझ्यापासून सारख्याच अंतरावर उभी होती. एकीच्या कानात एक आणि दुसऱ्याच्या कानात दुसरं सांगावं, इतकी जागा मधे नव्हती. असल्या कात्रीतून सुटण्याची एकच भाषा मला येते. मी घसा साफ केला.

"इंजिनाच्या प्रकृतीबाबत," मी म्हणालो, "सर्व बाजूंनी विचार झाला असून, काही बाबी समाधानकारक असल्याचे, तर काही बाबतीत अधिक चौकशीस वाव असल्याचे मत..."

"हो की नाही?" बायको म्हणाली.

मी इकडे तिकडे पाहिलं. सर्वज्ञ डोळ्यांनी नाही-नाही करत होते. पायरीवर सासरे बसले होते. किल्ली फिरवलेला हात त्यांनी खिशात घालून ठेवला होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. आयुष्यभर ज्याने लोकांचे दिवे वाचवले, त्या माणसाने आज एक गाडी मारली, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मी खराब म्हटलं असतं तर ती गाडी त्यांनी मरेपर्यंत खिशात बाळगली असती.

"चांगलं आहे," मी म्हणालो. "तिन्ही सुस्कारे सारखे आहेत. दोन्हीकडचे. बाबांनी काही मोडलेलं नाही. आत पेट्रोल साचलंय, ते निघालं की चालू होईल."

सर्वज्ञांनी कपाळावर हात मारला. सासऱ्यांनी खिशातून हात काढला.

डॉक्टरांच्याच पिचकारीने मी दोन्ही भोकांत थोडं थोडं तेल सोडलं, पुसलेले प्लग बसवले आणि बायकोला म्हटलं, फिरव. दोनदा घर्र झालं, तिसऱ्यांदा इंजिन पेटलं आणि साचलेलं तेल-पेट्रोल धूर होऊन बाहेर पडलं. असा धूर मी पूर्वी पाहिला नव्हता. रस्ता गेला, दवाखाना गेला, गाल गेले. "पांढरा! पांढरा म्हणजे पाणी!" असं सर्वज्ञ धुरातून ओरडत होते. वरच्या मजल्यावरच्या बाईंना आग लागली असं वाटलं, आणि त्यांनी बादलीभर पाणी खाली ओतलं. धूर विरला तेव्हा सर्वज्ञ निथळत उभे होते आणि गाडी एका लयीत गात होती. "बंद करू का?" असं सासऱ्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, "थांबा, बाबा. आधी तापू द्या." चांगली तापल्यावर मी त्यांनाच किल्ली बंद करायला लावली, आणि लगेच चालू करायलाही. गाडी बोट लावल्याबरोबर सुरू झाली. तीही परीक्षा पास.

भाव आता आधीचाच राहणार, हे मी मनाशी पक्कं केलं आणि डॉक्टरांकडे वळलो. ते बॉनेटवर हात ठेवून उभे होते.

"खरं सांगू का?" ते म्हणाले. "मला कधीच खात्री नव्हती हो. इंजिन बांधून घेतलं, पण कुणी म्हणायचं चांगलं बांधलंय, कुणी म्हणायचं रस्त्यात बसेल. चालवताना रोज धाकधूक. म्हणून तर विकायला काढली. इतकं मन लावून कुणी बघितलंच नव्हतं." त्यांनी काचेमागची चिठ्ठी काढली आणि घडी करून खिशात ठेवली. "तुम्ही म्हणताय चांगलं आहे, तर मग मी कशाला विकू?"

माझ्या कानातून अजून पेट्रोल येत होतं. मला फार वाईट वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. मी त्या गाडीला शेवटचा हात लावला तेव्हा ती छान गरम होती.

परत येताना आमची जुनी, चार दारांची गाडी बायकोने चालवली. मागे सासरे ऐसपैस बसले होते आणि सर्वज्ञ त्यांच्या शेजारी ओले बसले होते. "मी गप्प राहा म्हणालो होतो," असं ते दर वळणावर सांगत होते. घराच्या दारात बायकोने गाडी थांबवली, माझ्या शर्टाची काळी बाही पाहिली आणि म्हणाली, "आज तुम्ही कुणाचं नाव नाही घेतलंत हं." मग तिने तो शर्ट स्वतः धुवायला घेतला. एरवी तो माझ्या अंगावर फेकला गेला असता.

दाढेवर टोपी बसवायला पुन्हा त्या खुर्चीत जावं लागलं. तोंड उघडं, तोंडात कापूस, समोर खिडकी. खिडकीत लाल गाडी. बाजूच्या खुर्चीतल्या रुग्णाचं लक्ष तिच्याकडे गेलं.

"डॉक्टर, या गाड्यांची इंजिनं टिकत नाहीत म्हणतात ना?"

"छे! आपलं इंजिन एकदम ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले.

"कशावरून?"

डॉक्टरांनी हातातला आरसा माझ्याकडे रोखला. "हे म्हणाले."

त्या माणसाने आदराने माझ्याकडे पाहिलं. यावर मला पुष्कळ बोलायचं होतं, पण तोंडात कापूस असल्याने मी नुसती मान हलवली.